सुवर्णदुर्ग आणि हर्णैचें पाणी

किल्ल्याचा इतिहास म्हटला कीं तो कोणी घेतला आणि कोणी गमावला एवढेंच आपण विचारतों. सुवर्णदुर्गाच्या बाबतींत या प्रश्नांनीं निम्मीच हकीकत हातीं येते. उरलेली निम्मी समोरच्या हर्णै बंदरांतील कोळी लोकांजवळ आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांत, हर्णैच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर हें लहानसें खडकाळ बेट आहे. बेटाचा कांठ वळतो तसा तटही वळतो. कित्येक ठिकाणीं मूळचा खडक तासून त्यावरच चिरे रचलेले आहेत. मुख्य दरवाजा पूर्वेस, म्हणजे जमिनीच्या बाजूस आहे. त्याच्या पायरीवर कांसव कोरलेलें आहे. आंत गोड्या पाण्याची सोय होती, म्हणूनच येथें शिबंदी राहूं शकली. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे त्याचे तीन सोबती आहेत.

१६६० मध्यें शिवाजी महाराजांनीं हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला. पुढें कान्होजी आंग्र्यांच्या काळांत तो मराठी आरमाराचें मोठें ठाणें झाला. या आरमारांत कोळी व भंडारी यांचा मोठा भरणा होता. १७५५ च्या एप्रिलमध्यें तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि मुंबईकर इंग्रज एक झाले. कमोडोर जेम्सनें प्रथम पश्चिमेकडून तोफा डागल्या. तटाचें फारसें बिघडलें नाहीं. मग त्यानें बेट आणि किनारा यांमधल्या उथळ पाण्यांत जहाजें आणून मारा केला. आंतील दारूच्या कोठारास आग लागली आणि किल्ला पडला. तो पेशव्यांकडे आला. १८१८ मध्यें इंग्रजांकडे गेला. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीनें १७८४ मध्यें लंडनच्या शूटर्स हिलवर एक मनोरा बांधविला. या बेटाच्याच नांवाचा अपभ्रंश होऊन त्याचें नांव ‘सेव्हर्नड्रूग’ पडलें. तो अजून उभा आहे.

ज्या उथळ पाण्यांतून जेम्सनें एकदां वाट काढली, त्यांतून कोळी रोज ये-जा करितो. त्याचा दिवस घड्याळावर चालत नाहीं. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांग हें त्याचें पंचांग. पावसाळ्यांत होड्या कांठावर ओढावयाच्या, जाळीं विणावयाचीं आणि उन्हांत वाळवून ठेवलेल्या मासळीवर दिवस काढावयाचे. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिला कीं पुन्हां शिडें उभारावयाचीं, असा पूर्वापार क्रम. आतां शिडांची जागा यंत्रांनीं घेतली आहे. पाणी उथळ असल्यामुळें मासळी कांठावर आणण्यासाठीं बैलगाड्या थेट समुद्रांत घालण्याची हर्णैची रीत प्रसिद्ध आहे. पापलेट, सुरमई, कोळंबी यांचा लिलाव वाळूवरच होतो, आणि त्या गर्दींत कोळणींचा आवाज सर्वांत वर असतो.

आज सुवर्णदुर्गावर वस्ती नाहीं. तटाच्या आंत रान माजलें आहे. उलट फत्तेगडावर कोळ्यांचीं घरें इतकीं दाटलीं आहेत कीं किल्ला शोधूनच काढावा लागतो. राजसत्ता आल्या-गेल्या, समुद्रावर पोट असणारे तेवढे राहिले.

बेटावर जावयाचें तर आजही हर्णैच्या नावाड्याचीच होडी लागते. कोणता खडक ओहोटींत उघडा पडतो, कोणत्या वाऱ्यांत दरवाजाशीं होडी लावूं नये, हें त्याला ठाऊक असतें. हें ज्ञान बखरींत मिळावयाचें नाहीं. तें बापाकडून मुलाकडे तोंडींच येतें. तट ढांसळला तर चिरे तरी उरतात. हें तोंडचें ज्ञान एका पिढीनें सोडलें तर त्याचा माग राहणार नाहीं. म्हणून किल्ला पाहावयास जाणाऱ्यानें तट मोजण्यापूर्वीं नावाड्याला चार प्रश्न विचारावे, आणि त्याचीं उत्तरें लिहून ठेवावीं.