सदस्यपान : कोशकाराची खूण

ज्ञानकोशातील नोंद वाचताना ती कोणी लिहिली, हा प्रश्न वाचकाच्या मनात क्वचितच उद्भवतो. कोशाची भाषाच अशी घडवलेली असते की तिच्यातून लिहिणारा माणूस दिसू नये. परंतु तो पुरता पुसला जात नाही. कोठेतरी कोपऱ्यात आपली खूण ठेवून जातो. त्या खुणेचा इतिहास हा, एका अर्थी, ज्ञानावरील विश्वासाचाही इतिहास आहे.

दिदरो व दालाँबेर यांच्या फ्रेंच विश्वकोशात (१७५१–१७७२) ही खूण म्हणजे नोंदीपाशी कंसात छापलेली अक्षरे होती. त्यांत सर्वाधिक वेळा भेटतात ती ‘डी. जे.’ ही अक्षरे. ती शव्हालिए द झोकूर याची. लायडन येथे वैद्यक शिकलेल्या या गृहस्थाने सुमारे १७,००० नोंदी, म्हणजे जवळजवळ पाव विश्वकोश, मोबदल्याविना लिहिला. लेखनिकांचे वेतन भागवण्यासाठी त्याने पॅरिसमधील घर विकले. आणि ते विकत घेतले, ते विश्वकोशाचाच प्रकाशक ल ब्रतों याने! एवढ्या त्यागाची छापील खूण मात्र दोन अक्षरांची.

मराठीत याचे दुसरे टोक दिसते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम पुरे होताच, १९२७ मध्ये, ‘माझे बारा वर्षांचे काम’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कोशामागची माणसे, पैसा आणि खटपट त्यांना वाचकांपुढे ठेवावीशी वाटली. दोन अक्षरे असोत वा ग्रंथ, दोन्हींत एक गोष्ट समान होती : खुणेमागचा माणूस खरा आहे, हे कोणीतरी जाणत होते.

विकिपीडियाने हीच अट काढून टाकली. त्याआधी, मार्च २००० मध्ये सुरू झालेल्या ‘नूपीडिया’त तज्ज्ञांकडून नोंदी तपासून घेण्याची कडक पद्धत होती आणि तिच्यामुळे काम रखडले. १५ जानेवारी २००१ रोजी आलेल्या विकिपीडियाने कोणालाही लिहिण्याची मुभा दिली. नोंदीत सही नाही. मात्र प्रत्येक नोंदणीकृत लेखकासाठी एक वेगळे ‘सदस्यपान’. १ मे २००३ पासूनच्या मराठी विकिपीडियातही चावडी आणि धूळपाटी यांच्या सोबतीने ते आहे. तेथे सदस्य आपल्याला कोणत्या भाषा किती येतात, कोणत्या विषयांत रस आहे, हे चौकटींतून सांगतो. सांगितलेले कोणी पडताळून पाहत नाही.

हा मोकळेपणा किती नाजूक आहे, हे २००७ मध्ये कळले. इंग्रजी विकिपीडियावर ‘एसजे’ या टोपणनावाचा एक अतिशय कार्यरत सदस्य होता. आपण खासगी विद्यापीठात धर्माचे प्राध्यापक असून ईश्वरशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आहे, असे त्याने सदस्यपानावर लिहिले होते. ‘न्यू यॉर्कर’ने जुलै २००६ मधील लेखात त्याचा तसाच परिचय छापला. प्रत्यक्षात तो चोवीस वर्षांचा तरुण होता आणि यांपैकी एकही पदवी त्याच्यापाशी नव्हती. फेब्रुवारी २००७ मध्ये नियतकालिकाला खुलासा प्रसिद्ध करावा लागला. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी आरंभी ही गोष्ट टोपणनावासारखीच मानली. पुढे मात्र त्याला अधिकारपदे सोडण्यास सांगितले.

टोपणनावाचे हे समर्थन आम्हा मराठी वाचकांना चटकन पटण्याजोगे आहे. केशवसुत, कुसुमाग्रज यांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला टोपणनाव म्हणजे फसवणूक वाटत नाही. पण टोपणनाव माणूस झाकते. खोटी पदवी वाचकाचे बोलणे थांबवते. कॅथलिक धर्मविषयक एका वादात एसजेने सामान्य वाचकांसाठीच्या एका पुस्तकाचा हवाला दिला आणि त्याच्या विश्वसनीयतेसाठी आपली डॉक्टरेट पणाला लावण्याची भाषा केली. पुराव्याच्या जागी पदवी आली, ती त्या क्षणी.

यातील खरा विषाद पुढेच आहे. खोडसाळ बदल पुसणे, तंटे सोडवणे हे त्याचे बरेचसे काम खरे होते. त्यासाठी डॉक्टरेटची गरजच नव्हती. सहकाऱ्यांचा विश्वास त्याने त्या कामातूनही मिळवला असता. तरीही त्याला पदवी पांघरावीशी वाटली आणि वाचणाऱ्यांनाही ती हवीशी वाटली. सर्वांना समान मानणाऱ्या त्या समाजातही नावामागच्या अक्षरांचा दबदबा ओसरला नव्हता.

त्यानंतर पदव्यांची पडताळणी करावी, अशी सूचना वेल्स यांनी मांडली. ती स्वीकारली गेली नाही. विधानाला संदर्भ द्या, तो तपासता येऊ द्या, या जुन्याच नियमावर विसंबणे सदस्यांनी पसंत केले. प्रत्येक सदस्यपानाजवळ ‘योगदान’ नावाचा दुवा असतो. कोणते वाक्य कधी बदलले, कोणती चूक कधी दुरुस्त केली, याची तारीखवार यादी तेथे उघडते. सदस्यपान हा माणसाने सांगितलेला परिचय. योगदान हा त्याच्या कामाने दिलेला.

विद्यार्थ्यांना ‘विकिपीडियावर विसंबू नका’ असे आम्ही वर्गात सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण हे सांगताना आमचे म्हणणे त्यांनी पुराव्यासाठी स्वीकारावे, की आमच्या नावापुढील ‘डॉ.’ पाहून, हेही एकदा स्वतःला विचारावयास हवे. झोकूरच्या दोन अक्षरांना वजन आले, ते त्यांच्यावर रचलेल्या १७,००० नोंदींमुळे.