सरकारी तिजोरी, पक्षाचे श्रेय : कॅनडातील ‘धनादेश’ प्रकरण

मंदीच्या काळात सरकारने रस्ते, पूल, पाणीपुरवठा यांवर जादा खर्च करून रोजगार टिकवावा, हा अर्थशास्त्रातील मान्य उपाय आहे. मात्र हा खर्च घाईने करावा लागतो, रक्कम मोठी असते आणि कामे गावोगावी विखुरलेली असतात. त्यामुळे सरकार कोठे संपते आणि सत्ताधारी पक्ष कोठे सुरू होतो, ही सीमारेषा याच काळात सर्वाधिक धूसर होते. २००९ ते २०११ या काळातील कॅनडाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

योजनेची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २००८ च्या निवडणुकीत पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३०८ पैकी १४३ जागा मिळाल्या. बहुमत हुकले. नोव्हेंबरच्या आर्थिक निवेदनात मंदीवर ठोस उपाय नसल्याचे सांगत विरोधकांनी आघाडी सरकारची तयारी केली, तेव्हा डिसेंबरमध्ये संसदेचे अधिवेशन संस्थगित करून हार्पर यांनी सरकार वाचविले. त्यानंतर २७ जानेवारी २००९ रोजी अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात ‘इकॉनॉमिक ॲक्शन प्लॅन’ अवतरला. प्रगतीचे अहवाल वेळोवेळी संसदेत मांडण्याच्या अटीवर लिबरल पक्षाने त्यास पाठिंबा दिला. म्हणजे ज्या खर्चाचे श्रेय पुढे एका पक्षाने घेतले, तो खर्च विरोधकांच्या मतांवर मंजूर झाला होता.

या योजनेतील पायाभूत सुविधांचा प्रमुख निधी ४ अब्ज डॉलरचा होता. नगरपालिकांच्या कामांत केंद्राचा वाटा साधारणतः एक तृतीयांश असे. उर्वरित भार प्रांत आणि नगरपालिका उचलत. कामे पूर्ण करण्यासाठी ३१ मार्च २०११ ही मुदत होती. ती पुढे त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढविण्यात आली.

धनादेशावर पक्षाचे चिन्ह

ऑक्टोबर २००९ मध्ये नोव्हा स्कोशियातील कन्झर्व्हेटिव्ह खासदार जेराल्ड केडी यांचे एक छायाचित्र गाजले. चेस्टर येथील क्रीडागृहासाठी तीन लाख डॉलरचा भलामोठा प्रतीकात्मक धनादेश त्यांच्या हाती होता आणि त्यावर चक्क पक्षाचे बोधचिन्ह होते. त्यानंतर अन्य खासदारांची तशीच छायाचित्रे विरोधकांनी शोधून काढली. कोठे खासदाराचे नाव, कोठे स्वाक्षरी, तर कोठे पक्षाचे रंग दिसत होते. पैसा करदात्यांचा आणि दाता मात्र पक्ष, असा हा देखावा होता.

तक्रारी आचार आयुक्त मेरी डॉसन यांच्याकडे गेल्या. एप्रिल २०१० मधील त्यांचा अहवाल महत्त्वाचा ठरतो तो त्यातील पेचामुळे. हितसंबंधविषयक कायद्याचा वा खासदारांच्या आचारसंहितेचा भंग झाला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे नियम ‘खासगी हित’ साधण्यास मनाई करतात आणि राजकीय लाभ हा त्या व्याख्येत बसत नव्हता. मात्र ही प्रथा अनुचित असून तिने जनतेचा विश्वास कमी होऊ शकतो, असेही त्यांनी बजावले. थोडक्यात, कृती गैर होती. पण ती रोखणारा नियमच नव्हता.

जाहिराती आणि फलक

धनादेशांपेक्षा जाहिरातींचा पसारा मोठा होता. २००९-१० या वर्षात केंद्र सरकारचा जाहिरातखर्च १३ कोटी ६० लाख डॉलरवर गेला आणि त्यातील सर्वांत मोठी मोहीम याच योजनेची होती. कामाच्या ठिकाणी योजनेचे फलक लावणे बंधनकारक होते. कामे संपल्यानंतरही ‘ॲक्शन प्लॅन’ हे नाव सरकारी जाहिरातींत अनेक वर्षे झळकत राहिले.

सत्ताधाऱ्यांच्या मतदारसंघांना झुकते माप मिळाले, असा आरोपही लिबरल पक्षाने केला. सरकारने तो फेटाळला. २०१० च्या शरद ऋतूत महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी योजनेच्या सुरुवातीच्या अंमलबजावणीविषयी एकंदरीत अनुकूल अभिप्राय दिला, हेही नमूद केले पाहिजे. खर्च नियमानुसार झाला तरी त्याचे सादरीकरण पक्षीय असू शकते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

जी-८ निधीचा धडा

याच काळातील दुसऱ्या एका निधीत मात्र खर्चाची पद्धतच सदोष ठरली. जून २०१० मध्ये हंट्सविल येथे जी-८ परिषद झाली. हे गाव उद्योगमंत्री टोनी क्लेमेंट यांच्या मतदारसंघात होते. परिषदेच्या निमित्ताने या भागासाठी ५ कोटी डॉलरचा निधी ठेवण्यात आला आणि ३२ कामे मंजूर झाली. सार्वजनिक स्वच्छतागृहे, उद्यानातील मंडप अशा कामांचाही त्यात समावेश होता.

हंगामी महालेखापरीक्षक जॉन विअर्सेमा यांच्या जून २०११ मधील अहवालानुसार, पुरवणी मागण्यांत ही रक्कम सीमेवरील वाहतूककोंडी कमी करण्याच्या निधीत समाविष्ट करण्यात आली होती. संसदेला तिचा खरा उद्देश स्पष्टपणे कळला नाही. हीच कामे का निवडली, याची कागदपत्रेही लेखापरीक्षकांना आढळली नाहीत. हा अहवाल आला तेव्हा निवडणूक होऊन गेली होती. २ मे २०११ रोजी कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने १६६ जागांसह बहुमत मिळविले होते.

नियम आले, पण उशिरा

ऑन्टारिओ प्रांताने २००४ मध्येच कायदा करून सरकारी जाहिराती प्रसारणापूर्वी प्रांतिक महालेखापरीक्षकांकडून तपासून घेणे बंधनकारक केले होते. मात्र २०१५ मध्ये तेथील लिबरल सरकारनेच ही तरतूद सौम्य केली. केंद्रात २०१६ मध्ये सत्तांतरानंतर पक्षीय जाहिरातींना मनाई करण्यात आली आणि मोठ्या मोहिमांची त्रयस्थ संस्थेकडून तपासणी सुरू झाली.

श्रेयाचा मोह कोणत्याही एका पक्षाची मिरासदारी नाही, हेच यावरून दिसते. त्याला आवर घालण्यासाठी निवडीच्या निकषांची लेखी नोंद, संसदेला खर्चाच्या उद्देशाची स्पष्ट माहिती आणि जाहिरातींवर स्वतंत्र देखरेख या तीन गोष्टी लागतात. त्या पैसा वाटण्यापूर्वी ठरल्या तरच उपयोगी पडतात. अन्यथा चौकशीचा अहवाल येईपर्यंत मतदान उरकलेले असते.