तसबिरीचा घोटाळा: पॅरिस ते बेळगाव

माक्स ओफ्युल्स या दिग्दर्शकाच्या ‘मादाम द…’ (१९५३) या फ्रेंच चित्रपटात प्रेमाचा सगळा कारभार हिऱ्यांच्या कर्णफुलांची एक जोडी चालवते. लग्नात नवऱ्याने दिलेली ही कर्णफुले नायिका कर्ज फेडण्यासाठी गुपचूप सराफाला विकते आणि हरवली म्हणून सांगते. सराफ ती परत तिच्या नवऱ्यालाच विकतो. नवरा ती आपल्या निरोप घेणाऱ्या मैत्रिणीला देतो, ती कॉन्स्टँटिनोपलला जुगारात गमावते, तिथे एक इटालियन सरदार ती विकत घेतो आणि पॅरिसला येऊन नेमक्या याच नायिकेच्या प्रेमात पडतो. साहजिकच भेट म्हणून कर्णफुले तिच्याकडेच येतात. एवढ्यावर कथा थांबली असती तर तो एक गमतीदार योगायोग झाला असता. पण पहिल्या खेपेला ज्या दागिन्याची तिला किंमत नव्हती, त्याच दागिन्यावर आता तिचा जीव जडतो, आणि त्यातच तिचा घात होतो.

फ्रेंच सिनेमातल्या आवडत्या प्रेमप्रसंगांत या चित्रपटातले नृत्य बहुतेक रसिक पहिल्या पाचांत घालतील. एकाच नाचात कित्येक रात्री उलटतात. नायिकेचा पोशाख बदलतो, दिवाणखाना बदलतो, दोघांच्या बोलण्यातला संकोच कमी होत जातो. शेवटी वादक वाद्ये आवरू लागतात, नोकर दिवे मालवतो, तरी ही दोघे नाचतच असतात. प्रेम जडल्याचे कोणी कोणाला सांगत नाही. मला स्वतःला मात्र या नाचाइतकाच सराफाच्या दुकानातला प्रसंग आवडतो. दुकानदार अदबीने, जिभेवर साखर ठेवून, बायकोचे गुपित नवऱ्याला विकतो. प्रेमकथेतली खरी ठिणगी तिथे पडते.

वस्तू हातोहात फिरते आणि प्रत्येक हातात तिचा अर्थ बदलतो, ही फ्रेंचांची जुनी खोड आहे. तिचे मूळ सिनेमाच्या कितीतरी आधीचे. २८ मे १६६० रोजी पॅरिसच्या प्ती-बूर्बाँ नाट्यगृहात मोलिएरने ‘स्गानारेल’ हा पद्यातला एकांकी फार्स केला आणि मुख्य भूमिका स्वतःच घेतली. सेली नावाच्या मुलीचे लग्न बाप दुसरीकडे ठरवतो आहे. परगावी गेलेल्या प्रियकराची छोटी तसबीर बघता बघता तिला भोवळ येते आणि तसबीर रस्त्यात पडते. शेजारचा स्गानारेल धावतो, तिला सावरतो, काळीज धडधडते आहे का पाहायला छातीवर हात ठेवतो. नेमके हे त्याची बायको खिडकीतून बघते. ती तणतणत खाली येते तोवर नवरा मुलीला घरात पोचवायला गेलेला. बायकोला सापडते ती तसबीर. सुरेख काम, देखणा चेहरा! ती तसबिरीला येणारा सुगंध घ्यायला नाकाशी नेते आणि मागून आलेल्या नवऱ्याला वाटते, परक्या पुरुषाच्या चित्राचा ही मुका घेते आहे.

यात खोटे कोणीच बोललेले नाही. बायकोने पाहिले ते खरे, नवऱ्याने पाहिले तेही खरे. फक्त दोघांनी अर्धे पाहिले. मोलिएरच्या हयातीत त्याच्या मंडळीने सर्वांत जास्त वेळा केलेल्या खेळांत हा फार्स होता, यात नवल नाही.

झाँ रन्वारच्या ‘ल रेग्ल द्यु ज्यु’ (१९३९) या चित्रपटात हीच खिडकी दुर्बीण होऊन येते. शिकारीच्या दिवशी पाहुणे मजेने एक छोटी दुर्बीण हाताळताहेत, खार बघताहेत, पक्षी बघताहेत. घरधनीण ती डोळ्याला लावते आणि दूरवर तिला आपला नवरा परक्या बाईला मिठीत घेताना दिसतो. वास्तविक ती मिठी निरोपाची आहे. नवरा त्या बाईशी असलेले जुने प्रकरण संपवायला गेला आहे. प्रकरण मिटते त्याच क्षणी ते बायकोला पहिल्यांदा दिसते. मोलिएरने ज्यावर हसवले, त्यावरच रन्वारने पोटात खड्डा पाडला. पुढे ‘आमेली’त (२००१) पुन्हा तसबीर आहे, एकीच्या जागी शेकडो. स्टेशनातल्या फोटो-यंत्रापाशी लोकांनी फाडून टाकलेले फोटो जमवणाऱ्या तरुणाची वही त्याच्या दुचाकीवरून पडते, ती आमेलीच्या हाती लागते, आणि मालक शोधता शोधता प्रेम जमते. इथे गैरसमज नाही, म्हणून प्रसंग गोड आहे, आणि माझ्या मते थोडा पिळपिळीतही.

आता मोलिएरच्या तसबिरीची एक पाती आपल्याकडे कशी आली ते पाहायचे. पॅरिसहून ती आधी लंडनला गेली. आर्थर मर्फी या नाटककाराने मोलिएरच्या एकांकीला इतर पात्रे जोडून १७६१ साली ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी इंग्रजी नाटक केले. मर्फीचे नाव आज इंग्रजांनाही आठवत असेल की नाही, शंकाच आहे. पण त्याचे पुस्तक हिंदुस्थानात आले आणि बेळगावच्या शाळेत शिकलेल्या एका माणसाच्या हाती लागले.

गोविंद बल्लाळ देवल जन्मले हरिपूरला, १८५५ साली. शिक्षण बेळगावला झाले आणि काही काळ मास्तरकीही त्यांनी तिथेच केली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाचे मोठे ठाणे. छावणी, कचेऱ्या, इंग्रजी शाळा. बाजारात कानडी आणि मराठी दोन्ही एका दमात. याच गावात त्यांना गुरू भेटले ते अण्णासाहेब किर्लोस्कर. अण्णासाहेबांचा जन्म १८४३चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. (कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करही याच गावचे. संगीत नाटक आणि लोखंडी नांगर, दोन्हींची मुळे एका खेड्यात सापडावीत, हे त्या मातीलाच शोभते.) अण्णासाहेबांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात झाले आणि मराठी रंगभूमीवर प्रेम गाऊ लागले.

‘शाकुंतला’तही एक वस्तू हरवते: अंगठी. ती नदीत पडते, मासा गिळतो, कोळ्याला सापडते. मधल्या काळात राजाला प्रेमाचा विसर पडतो तो ऋषीच्या शापामुळे. दोष कोणाचा म्हणाल तर नशिबाचा. दहा वर्षांनी, १८९०मध्ये, शिष्याने शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला, ‘झुंझारराव’ या नावाने. तिथे रुमाल हरवतो, तो खलपुरुषाच्या हाती लागतो आणि निष्पाप बायको मारली जाते. दोष सरळसरळ एका दुष्ट माणसाचा. आणि १८९३ साली देवलांनीच मर्फीवरून ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. अंगठी संस्कृतातून, रुमाल इंग्रजीतून आणि तसबीर इंग्रजीमार्गे फ्रेंचातून. तेरा वर्षांत तिन्ही वस्तू मराठी रंगमंचावर पडल्या, आणि तिन्ही बेळगावात घडलेल्या गुरुशिष्यांच्या हातून. या जोडीचे एवढे श्रेय आपण कधी मोजलेले नाही. तिन्हींत तसबीरच अशी, की जिच्या घोटाळ्याला ना शाप लागतो ना खलनायक. माणसाचा संशय पुरतो.

देवलांनी मूळ प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आहे. रेवतीला भोवळ येते, म्हातारपणाकडे झुकलेला फाल्गुनराव तिला सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते बघते, तसबीर कृत्तिकेच्या हाती आणि तिथून नवऱ्याच्या डोळ्यांपुढे येते. भादव्या आणि रोहिणी ही गडी-मोलकरीण दोन्हीकडे तेल ओतायला आहेतच. पुरुषांना महिन्यांची नावे आणि बायकांना नक्षत्रांची, हा देवलांचा खास मिस्कीलपणा. पण त्यांची खरी कसोटी दुसरीकडे होती. मर्फीची नायिका सभ्य घरची, वयात आलेली, अविवाहित, बागेत एकटी हिंडणारी. अशी मुलगी १८९३च्या मराठी समाजात आणायची कुठून? संमतिवयाच्या कायद्यावरून गदारोळ होऊन दोनच वर्षे झाली होती. ब्राह्मणाघरची मुलगी त्या वयाला दोन पोरांची आई असायची. देवलांनी तोड काढली: रेवतीला मघा नायकिणीची मुलगी केले. ती प्रेम करू शकते, रस्त्याने जाऊ शकते, प्रियकराची तसबीर जवळ बाळगू शकते.

यातून नाटकाला मोलिएरकडे नसलेली एक धार आली. रेवतीचा प्रियकर अश्विनशेठ तिच्याशी लग्न करायला निघालेला आहे. तसबीर परक्या घरात पोचल्यावर त्याच्या मनात जो संशय येतो, तो नुसता प्रियकराचा संशय नाही. नायकिणीची मुलगी अशीच असायची, हा सगळ्या गावाचा संशय त्याच्या तोंडून बोलतो. रेवतीला आपले प्रेम तर सिद्ध करायचे आहेच, शिवाय जन्मही. मोलिएरच्या सेलीवर असे संकट नव्हते. सहा वर्षांनी जरठ-बाला विवाहावर ‘शारदा’ लिहिणारा हाच माणूस, हे इथे दिसते. फार्सात सामाजिक प्रश्न शोधणाऱ्या टीकाकारांचा मला कंटाळा आहे, पण इथे तो शोधावा लागत नाही, समोर उभा आहे.

१९१६ साली, म्हणजे देवल गेले त्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक पदांसह ‘संशयकल्लोळ’ म्हणून आणले. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. बोडसांचा फाल्गुनराव गाजला, तरी पदे आली की तोल प्रेमिकांकडे जातो, हा नाटकाचा धर्मच. १८९३चे गद्य नाटक मूळ नावाप्रमाणे फाल्गुनरावाचे होते. संगीत झाल्यावर ते हळूहळू अश्विन-रेवतीचे झाले. भोवळ आलेली रेवती पुरुष आणि तिला सावरणाराही पुरुष, म्हणून त्या काळच्या प्रेक्षकाला त्या मिठीचे वावगे वाटले नसावे. ज्या मिठीवर सगळे नाटक उभे आहे, तिच्यावर शंका घेणारी घरात एकटी कृत्तिकाच!

या घराण्याला एक आडवी फांदी निपाणीत फुटली. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगमंचावर आले. आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस शेवटपर्यंत सांगत राहतो की आपण निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. निपाणी राज्य पुनर्रचनेत १९५६ला म्हैसूर राज्यात गेलेली. मराठी प्रेक्षकाच्या मनात ते नाव आधीच दुखरे होते, आणि तिथल्या तंबाखूच्या पेठेची ओळख साऱ्या महाराष्ट्राला होती. अत्र्यांनी गाव नेमके निवडले. माधव काझीच्या खऱ्या खटल्यावर बेतलेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकर वेगवेगळी सोंगे घेऊन बायकांना फसवत. इथे देवलांचे गणित उलटे केलेले आहे. ‘फाल्गुनरावा’त कोणी खोटे बोलत नाही आणि सगळे संशय घेतात, इथे एकच माणूस धडधडीत खोटे बोलतो आणि लग्न लागेपर्यंत कोणाला संशय येत नाही.

सिनेमाने मात्र देवलांचा रस्ता धरला नाही. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली, म्हणजे ‘फाल्गुनरावा’नंतर तीनच वर्षांनी. पुढे आपला पडदा बोलू लागला तेव्हा त्याने प्रेमासाठी किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’तली बाग घेतली: झाड, चांदणे, पद. या झाडाखालच्या प्रेमगीतांची टवाळी प्रभातच्या ‘माणूस’ने (१९३९) केली होती, आणि त्याची नायिका शांता हुबळीकर आमच्याच बाजूची, हुबळीजवळच्या खेड्यातली. पण टवाळीने रीत बदलली नाही. आजही मराठी चित्रपटात प्रेम दाखवायचे म्हणजे दोघांना गर्दीतून उचलून डोंगरावर किंवा समुद्रकाठी नेतात. फ्रेंच दिग्दर्शक त्यांना गर्दीतच ठेवतो आणि कोण बघते आहे, काय पडले, कोणी उचलले याचा हिशेब मांडतो. एवढा हिशेब आपल्याकडे १८९३ सालीच लिहून ठेवलेला होता आणि पटकथाकारांनी तो उघडला नाही, ही मला मोठीच हेळसांड वाटते.

‘संशयकल्लोळ’ अजून जिवंत आहे. अलीकडे राहुल देशपांडे आणि प्रशांत दामले यांनी ते नव्या प्रेक्षकापुढे नेले. तेही पदांसह, आणि पदांसाठीच लोक जातात. बेळगावात नाटक करणारी हौशी मंडळी आहेत, वरेरकर नाट्यसंघासारख्या संस्था आहेत, रंगमंदिरही आहे. त्यांनी एकदा पदे बाजूला ठेवून मूळचा गद्य ‘फाल्गुनराव’ उभा करावा. रेवतीइतकाच वेळ कृत्तिकेला द्यावा. पेटीवाला लागणार नाही, खर्चही बेताचा येईल, आणि देवल मास्तरांच्या शाळेच्या गावात तो पहिला व्हावा हे बरे.