छायाचित्रातील मुके सोबती

जुने समूहचित्र हाती आले की आपली दृष्टी प्रथम मधोमध बसलेल्या मंडळींवर स्थिरावते. त्यांची नावे खाली छापलेली असतात. कोण कोणाच्या उजवीकडे उभा आहे, हेही कोणी तरी आवर्जून नोंदविलेले असते. त्यांच्या पायाशी एखादा कुत्रा बसला असेल, तर त्याचे नाव मात्र सहसा कोठे आढळत नाही. अमेरिकेतील बेसबॉल या खेळाची जुनी चित्रे चाळताना हा अनुभव वारंवार येतो. त्या नामावळीबाहेर राहिलेल्या प्राण्यांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील तंबाखूचे व्यापारी सिगारेटच्या पाकिटात पुठ्ठ्याचे एक चित्र घालीत. त्यामुळे पाकीट चुरगळत नसे आणि गिऱ्हाइकालाही संग्रहाचा छंद लागे. रिचमंड येथील ॲलन अँड जिंटर या कंपनीने १८८७ च्या सुमारास जगातील नामांकित खेळाडूंची पन्नास चित्रे काढली. त्यांत दहा बेसबॉलपटू होते. याच कंपनीने पक्षी, मासे आणि चतुष्पाद प्राणी यांच्याही मालिका काढल्या. म्हणजे खेळाडू आणि जनावर ही दोघेही एकाच दुकानातून, एकाच हेतूने बाहेर पडली. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीच्या चित्रांत तर खेळाडू छायाचित्रकाराच्या दालनात उभा असे आणि चेंडू दोरीने टांगलेला असे. चेंडू झेलल्याचा सारा आविर्भावच होता! अशा सजविलेल्या चौकटीत जनावर आले, तर आविर्भाव न करणारे तेवढे तेच. त्याला आपले चित्र निघत आहे याची वार्ताही नसते.

पण या प्राण्यांना मैदानावर आणले कशासाठी? १८८० साली पॅरिसमध्ये एदमाँ ओद्राँ या संगीतकाराची ‘ला मास्कोत’ ही संगीतिका रंगभूमीवर आली आणि त्यातून ‘मॅस्कॉट’, म्हणजे शुभंकर, हा शब्द सर्वत्र पसरला. बेसबॉलच्या संघांनी तो तत्काळ उचलला. मांजर आडवे गेले म्हणून क्षणभर थबकणाऱ्या आपल्या मंडळींना त्यांच्या या श्रद्धेचे नवल वाटावयास नको. जेथे जय आणि पराजय एका चेंडूवर अवलंबून असतात, तेथे मनुष्य कोणता तरी आधार शोधतोच.

या शुभंकरांत सर्वांत प्रसिद्ध झाला तो फिलाडेल्फियाचा पांढरा हत्ती. सरकारी दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याला या शब्दप्रयोगाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. १९०२ साली जॉन मॅकग्रॉ या व्यवस्थापकाने अशी टीका केली की, फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक्स संघाच्या मालकाने पांढरा हत्तीच पदरी बांधून घेतला आहे. संघाचे व्यवस्थापक कॉनी मॅक यांनी रागावण्याऐवजी तो हत्तीच आपले चिन्ह म्हणून स्वीकारला, आणि त्याच वर्षी संघाने आपल्या लीगचे अजिंक्यपद मिळविले. १९०५ च्या जागतिक मालिकेत हा संघ मॅकग्रॉ यांच्या जायंट्ससमोर उभा राहिला, तेव्हा त्यांना एक लहानसा खेळण्यातला हत्ती भेट देण्यात आला. मॅकग्रॉ यांनी तो हसत स्वीकारला. ती मालिका जायंट्सनी जिंकली. परंतु १९११ मध्ये ॲथलेटिक्सनी त्याची परतफेड केली. पुढे संघ कॅन्सस सिटीस गेला, तेथे काही वर्षे हत्तीची जागा एका खऱ्या खेचराने घेतली. मग संघ ओकलंडला गेला आणि २०२४ च्या हंगामानंतर त्याने तेही शहर सोडले. घर बदलले, पण हत्ती अखेर परत आला आणि टिकला.

या हत्तीचा कोणाला त्रास झाला नाही, कारण तो कापडावरचा आणि खेळण्यातला होता. शिकागोची गोष्ट वेगळी आहे. तेथील संघाला तरुण खेळाडूंमुळे ‘कब्ज’, म्हणजे अस्वलाची पिल्ले, हे नाव पडले. हा संघ १९१६ साली नव्या मैदानावर खेळू लागला, तेव्हा ‘जोआ’ नावाचे अस्वलाचे एक जिवंत पिल्लू शुभंकर म्हणून आणले गेले. येथे उपमा पिंजऱ्यात शिरली. नाव घेतले माणसांनी, आणि त्या नावाची किंमत मोजली एका वन्य पिल्लाने.

त्याच मैदानावर ६ ऑक्टोबर १९४५ रोजी विल्यम सायनिस हे ग्रीक वंशाचे पानगृहचालक आपला बोकड घेऊन जागतिक मालिकेचा सामना पाहावयास आले. बोकडाचेही तिकीट काढलेले होते. तथापि त्याला हाकलण्यात आले आणि सायनिस यांनी संघाला शाप दिला, अशी आख्यायिका आहे. कब्ज ती मालिका हरले. पुढे जागतिक मालिकेत पुन्हा पोचण्यास त्यांना २०१६ साल उजाडले आणि त्या वर्षी ते जिंकलेही. मधल्या ७१ वर्षांत खेळाडू चुकले, व्यवस्थापक चुकले, मालक चुकले. परंतु लोकांच्या तोंडी राहिला तो बोकडाचा शाप. आपल्या भाषेत यालाच बळीचा बकरा म्हणतात.

जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने अशी तीन लाखांहून अधिक छापील चित्रे जमवून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिली. संधिवाताने जखडलेल्या हातांनी ती वह्यांत चिकटविण्याचे काम त्याने जानेवारी १९६३ मध्ये पुरे केले, आणि दोनच महिन्यांनी त्याचे निधन झाले. क्षुल्लक मानल्या गेलेल्या कागदांतूनही काळ बोलतो, हे त्याने ओळखले होते. आपणही पुढे कधी जुने छायाचित्र पाहाल, तेव्हा नावांची यादी वाचून झाल्यावर क्षणभर कोपऱ्याकडे वळावे. तेथे उभा असलेला जीव जय मागावयास आला नव्हता आणि पराजयही त्याचा नव्हता. आपल्या आशा आणि आपले दोष आपण त्याच्या पाठीवर लादले, एवढे जरी ध्यानी आले, तरी ते छायाचित्र आपण पूर्ण पाहिले असे म्हणता येईल.