कारमध्ये बास वाढवला की आवाज का फाटतो? ‘लाउडनेस’ कधी लावायचा आणि कधी बंद ठेवायचा?

चाकणच्या तळेगाव चौकात गाड्यांची रांग लागलेली असते. त्यातल्या एखाद्या कारचा बास इतका जोरात असतो, की काचा बंद असूनही शेजारच्या गाडीत धडधड जाणवते. गंमत म्हणजे थोड्या वेळापूर्वी मोशीच्या पुढे वेगात असताना त्याच कारमधल्या माणसाला बास कमी वाटत होता. म्हणून त्याने तो वाढवला आणि नंतर कमी करायचा राहून गेला.

बहुतेकांच्या गाडीत हेच होतं. बास आणि लाउडनेस एकदा वाढवून ठेवले जातात, मग गाणं कुठलंही असो. पण या दोन्ही सेटिंगचं काम वेगवेगळं आहे.

लाउडनेस म्हणजे नेमकं काय?

लाउडनेस म्हणजे व्हॉल्यूमचं दुसरं बटण नाही. त्याचा संबंध आपल्या कानाशी आहे.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समधल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये याबद्दलचं संशोधन प्रसिद्ध केलं. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे, म्हणजे खर्जातले सूर फार कमी ऐकू येतात. १००० हर्ट्झचा एखादा सूर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच १०० हर्ट्झचा सूर वाटायला साधारण ६० ते ६५ डेसिबल लागतात. आवाज मोठा केला की हा फरक कमी होतो.

म्हणून गाणं हळू लावलं की तबल्यातला डग्गा हरवल्यासारखा वाटतो. लाउडनेस ही उणीव भरून काढतो. तो बास उचलतो, काही स्टिरिओंमध्ये थोडा ट्रेबलही. म्हणजे तो हळू आवाजासाठी आहे. व्हॉल्यूम वाढवल्यावर त्याची गरज उरत नाही. काही स्टिरिओ तो आपोआप कमी करतात. ज्यांत ही सोय नाही, त्यांत तो हाताने बंद करावा लागतो.

मग रस्त्यावर बास गायब का होतो?

टायर, इंजिन आणि वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. पुणे-नाशिक महामार्गावर शेजारून कंटेनर जात असेल तर त्यात आणखी भर पडते. या घरघरीखाली गाण्यातला बास झाकला जातो. स्पीकर तेवढाच बास देत असतो, तो आपल्यापर्यंत पोहोचत नाही. गाडी थांबली की घरघर कमी होते आणि वाढवलेला बास अंगावर येतो.

आवाज फाटतो कशामुळे?

गाडीची वीज १२ ते १४ व्होल्टची. वेगळा अॅम्प्लिफायर नसेल, तर साध्या स्टिरिओतून प्रत्येक स्पीकरला सलग मिळणारी ताकद साधारण २० वॉटच्या आसपास असते, खोक्यावर ‘५० वॉट’ छापलेलं असलं तरी.

आता हिशेब बघा. बास ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट ताकद लागते. ६ डेसिबलला चौपट, ९ डेसिबलला आठपट. व्हॉल्यूम आधीच मोठा असेल तर एवढी ताकद आणायची कुठून? अॅम्प्लिफायर कमी पडतो आणि ध्वनीलहरीचं टोक कापलं जातं. यालाच ‘क्लिपिंग’ म्हणतात. आपल्याला तो फाटका आवाज वाटतो. असं फार वेळ चाललं तर स्पीकर, विशेषतः छोटे ट्विटर जळू शकतात.

चाकणला तयार झालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही७०० च्या वरच्या मॉडेलमध्ये सोनीचे १२ स्पीकर यायचे. साध्या गाडीत चारच असतात. दारातल्या त्या स्पीकरकडून सबवूफरचं काम होणार नाही.

सेटिंग कसं करायचं?

१. गाडी शांत जागी, मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

२. बास, मिड, ट्रेबल शून्यावर आणा. लाउडनेस बंद करा.

३. फोन ब्लूटूथवर असेल तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा. कमी-जास्त स्टिरिओवरून करा.

४. ओळखीचं गाणं लावा, शक्यतो ढोल-ताशा किंवा तबला असलेलं. ढोलावरून बास कळतो, ताशावरून ट्रेबल.

५. नेहमीच्या व्हॉल्यूमला बास एकेक पायरी वाढवा. गायकाचे शब्द दबले किंवा दाराचं पॅनल खडखडलं, की एक पायरी मागे या.

६. सबवूफर असेल तर क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करून बघा.

७. बास वाढवण्याआधी ट्रेबल कमी करून बघा. अनेकदा तेवढ्यानं काम होतं.

हे सगळं गाडी उभी असताना. चालत्या गाडीत स्क्रीनवर बोटं फिरवत बसू नका.

एवढं जपायचं कशाला?

पहिलं कारण कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा फक्त ४ तासांवर येते. प्रेस शॉपसारख्या ठिकाणी आठ तास आवाजात काढणाऱ्या कामगाराच्या कानांना घरी जाताना तरी विश्रांती हवी.

दुसरं कारण सायरन. चाकणच्या कोंडीत मागून आलेली अॅम्ब्युलन्स वेळेत ऐकू आली तरच वाट देता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई नुसार वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तिसरं कारण शेजारी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर सोसायटीत शिरणाऱ्या गाडीचा बास वरच्या मजल्यापर्यंत जातो, कारण खालचे सूर भिंती आणि काचा सहज पार करतात.

सेटिंग झालं की शेवटी एक तपासणी करा. गाणं चालू ठेवून खाली उतरा, दार लावा आणि चार पावलं लांब उभे राहा. बाहेर फक्त धडधड ऐकू येत असेल, तर बास अजून जास्त आहे.