ऐकून वाचणाऱ्याची बाजू

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे ॲप द्यावे, असे पालकसभेत किंवा शिक्षकांच्या खोलीत कोणी सुचवले की एकच आक्षेप पुढे येतो : ही कुबडी आहे, तिची सवय लागली की मूल स्वतः कधीच वाचणार नाही. या आक्षेपाला अज्ञान म्हणून बाजूला सारता येत नाही. तो घेणाऱ्यांत मुलांसाठी शाळा सुटल्यावर तासन्‌तास बसणारे शिक्षक आहेत. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडला पाहिजे.

तो असा. वाचन सरावाने येते. डेव्हिड शेअर या अभ्यासकाने १९९५ साली मांडले की मूल अनोळखी शब्द स्वतः फोड करून वाचते तेव्हा त्या शब्दाचे लिखित रूप त्याच्या स्मरणात बसते. म्हणजे वाचक वाचता वाचता स्वतःलाच शिकवत असतो. मग यंत्राने वाचलेले प्रत्येक पान हा मुलाचा बुडालेला धडा ठरतो. दुसरे, परीक्षा कागदावर असते, तिथे यंत्र येणार नाही. आणि तिसरे, जे फारसे लिहिले जात नाही पण सर्वत्र बोलले जाते : मराठी जशी बोलतो तशी लिहितो, डिस्लेक्सिया हे इंग्रजीच्या विचित्र स्पेलिंगचे दुखणे आहे, मराठी माध्यमातल्या मुलाला याची गरजच काय?

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण मुलांचे सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते.

जर्मन भाषेचे लेखनही बरेचसे उच्चाराला धरून असते. हाइन्झ विमर यांनी १९९३ साली जर्मन बोलणाऱ्या डिस्लेक्सिक मुलांचे वाचन तपासले, तेव्हा ती बहुतेक शब्द अचूक वाचत होती, पण फार सावकाश. २००१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांची तुलना प्रसिद्ध केली. इटालियन डिस्लेक्सिक वाचक इतर दोघांपेक्षा अचूक वाचत होते. पण शब्दातले ध्वनी वेगळे करण्याच्या कसोट्यांवर तेही तितकेच अडखळले, आणि वाचताना मेंदूच्या डाव्या भागातली क्रियाशीलता तिन्ही गटांत सारखीच कमी दिसली. लिपी सोपी असली तर अडचण नाहीशी होत नाही. तिचे रूप बदलते. चुकांच्या जागी संथपणा येतो.

शिवाय देवनागरी वाटते तितकी सरळ नाही. ‘स्थिती’ या शब्दात पहिली वेलांटी स्थच्या आधी उभी असते आणि उच्चार मात्र स्थनंतर होतो. ‘अर्थ’मधला रफार थच्या डोक्यावर बसतो, पण बोलला जातो थच्या आधी. जोडाक्षरे आणि बाराखडी धरली तर मुलाने ओळखायच्या आकृत्या शेकड्यांत जातात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘डाली’ ही डिस्लेक्सिया तपासणीची साधने तयार केली, ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहेत. मराठीत ही अडचण नसती तर मराठीसाठी वेगळी चाचणी घडवण्याचे कारणच नव्हते.

आता आपल्या वर्गात काय होते ते पाहा. बाई मुलाला उभे करून चार ओळी वाचायला सांगतात. तो थांबत थांबत, पण बरोबर वाचतो. ‘वाचता येते’ अशी नोंद होते. पुढे सातवीत इतिहासाचे आणि विज्ञानाचे पानभर परिच्छेद येतात. शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेतो पहिली ओळ त्याच्या मनातून गेलेली असते, कारण सारे बळ अक्षरे जुळवण्यातच खर्च झालेले असते. घरी त्याला आळशी म्हणतात, शाळेत लक्ष नाही म्हणतात. इंग्रजी माध्यमातले मूल निदान उघड चुका करते, म्हणून कोणाच्या तरी नजरेत भरते. मराठी माध्यमातले हे मूल बरोबर वाचते, म्हणून कोणाच्याच नजरेत येत नाही. वेग हीच ज्याची अडचण आहे त्याला वेग देणारे साधन नाकारायचे, आणि तेही त्याला अडचणच नाही असे समजून, हा दुहेरी अन्याय आहे.

आता सरावाचा मुद्दा. शेअर यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि त्यातून निघणारा नियमही : अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालायला शिकवण्याच्या तासाला यंत्र पूर्ण बंद असावे. तिथे मुलाने स्वतःच अडखळायला हवे, फोड करायला हवी, आणि जाणत्या शिक्षकाने पायरीपायरीने त्याला पुढे न्यायला हवे. वाचून दाखवणारे ॲप या शिकवणीची जागा घेईल असे कोणी म्हणत असेल तर मी पूर्वपक्षाच्या बाजूने उभा राहीन.

पण शेअर यांच्या सिद्धांतातली अट विसरली जाते. फोड यशस्वी झाली तरच शब्द स्मरणात बसतो. त्यासाठी मजकूर मुलाच्या आवाक्यातला हवा. दुसरीच्या पातळीवर वाचणाऱ्या मुलापुढे सातवीचा इतिहास ठेवला तर तो फोड करत नाही, अंदाज बांधतो. आणि अंदाजातून वाचन शिकले जात नाही. म्हणजे इतिहासाच्या तासाला यंत्र नाकारल्याने वाचनाचा सराव होत नाही. फक्त इतिहास बुडतो.

गॉफ आणि टनमर यांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र दिले : वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार. त्यांनी बेरीज मांडली नाही हे महत्त्वाचे आहे, कारण गुणाकारात एक अंक शून्याकडे गेला की दुसरा कितीही मोठा असून उपयोग नसतो. डिस्लेक्सियात पहिला अंक लहान असतो, दुसरा बहुधा शाबूत असतो. पण तो आपोआप शाबूत राहत नाही. स्टॅनोविच यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की कमी वाचणाऱ्याचा शब्दसंग्रह मागे पडतो, आणि शब्दसंग्रह मागे पडला की वाचन आणखी अवघड होते. बोलण्यात कधी न येणारे ‘सार्वभौम’, ‘अपवर्तन’, ‘बाष्पोच्छ्वास’ हे शब्द मुलाला पुस्तकातूनच भेटतात. पुस्तक डोळ्यांनी येत नसेल तर कानांनी यावे, नाहीतर पाच वर्षांनी उलगडण्याची क्षमता सुधारलेली असेल आणि उलगडलेल्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसेल.

यंत्राकडून किती अपेक्षा करावी हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१८ साली वूड आणि सहकाऱ्यांनी अशा साधनांवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. वाचनात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांचे आकलन साधनामुळे सुधारलेले दिसले. परिणामाचे माप ०.३५, म्हणजे माफक. चमत्कार नाही, पण रोजच्या अभ्यासात जाणवेल इतका फरक. आणि हा फरक मजकूर समजण्यातला आहे. यंत्र ऐकून मूल यंत्राविना वाचू लागते असा दावा त्यातून काढता येत नाही. समर्थकांनी तो करू नये.

डिस्लेक्सियाच्या पहिल्या नोंदींपैकी एक १८९६ सालची आहे. इंग्लंडमधल्या सीफर्डचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिले. हुशार, खेळात चपळ, बीजगणितात तयार. पण स्वतःचे नाव तो ‘प्रेसी’ असे लिही आणि चूक त्याच्या ध्यानात येत नसे. त्याला अनेक वर्षे शिकवणाऱ्या मास्तरांचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे : सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. त्या मास्तरांकडे असे शिक्षण देण्याचे साधन नव्हते. आज ते घराघरातल्या फोनमध्ये आहे.

राहिला परीक्षेचा प्रश्न. तिथे एकच विचारावे : ही परीक्षा काय मोजते? मराठीच्या पेपरात उताऱ्याचे वाचनच मोजायचे असेल तर यंत्राने वाचून दाखवणे योग्य नाही. पण शिवकालीन महसूलव्यवस्था किंवा प्रकाशाचे परावर्तन विचारायचे असेल तर अक्षरे जुळवण्याचा वेग हा त्या उत्तराचा भाग नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने डिस्लेक्सियाचा समावेश केला, जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद केली. आपल्याकडे लेखनिक घेऊन दहावी देणाऱ्या मुलाला आता कोणी लबाड म्हणत नाही. लेखनिक प्रश्न वाचूनही दाखवतो. मग माणसाने वाचून दाखवलेले चालते आणि यंत्राने दाखवलेले चालत नाही, हे कोणत्या तर्काने? लेखनिकाबद्दल तर मराठी माणसाने शंका घेऊच नये. शके १२१२ मध्ये ज्ञानदेव बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. ज्ञानेश्वरी कोणाची, असा प्रश्न सात शतकांत कोणाला पडलेला नाही. पोथीचे पारायणही असेच : एक वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि ग्रंथ सर्वांचा होतो.

काही साधनांचे समर्थन मात्र मी करणार नाही. डिस्लेक्सियासाठी खास घडवलेल्या म्हणून प्रसिद्ध झालेल्या अक्षरवळणांनी वाचन सुधारते, असे चाचण्यांत दिसलेले नाही. एका अभ्यासात थोडा फायदा दिसला तो अक्षरांमधल्या मोकळ्या जागेमुळे, आणि ती जागा कोणत्याही फॉन्टमध्ये फुकट वाढवता येते. रंगीत काचांच्या चष्म्यांना आधार नाही, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालीच एकत्र सांगितले. अडचण डोळ्यांत नाही, ध्वनी आणि अक्षर यांच्या दुव्यात आहे. हवालदिल पालकांचे पैसे या काचांवर जातात आणि शिकवणीसाठी उरत नाहीत, याचा मला राग येतो.

आणि मराठीपुरता खरा अडथळा आवाजाचा नाहीच. फोनमधला मराठी आवाज काही वेळा अडखळतो. ‘जरा’ म्हणजे थोडे की वार्धक्य, हे लिपीत दिसत नसल्याने त्याला अंदाज करावा लागतो. पण मराठी घरातले मूल अशी चूक ऐकताक्षणी मनात दुरुस्त करते, भाषा त्याचीच आहे. अडथळा मजकुराचा आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पुस्तकाची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते. यंत्र तीच वाचते. स्कॅन केलेल्या पानांत तर अक्षरे नसतातच, चित्र असते. कायदा आड येत नाही : कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी पुस्तकाचे रूपांतर करण्याची मुभा दिली, आणि मराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश होता, २०१४ साली. त्या करारात छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेले सगळे येतात, केवळ दृष्टिहीन नव्हेत. पण मुभा मिळाली म्हणून पुस्तक वाचनीय होत नाही. कोणीतरी बसून ते पुन्हा जुळवावे लागते, आणि ते काम घरात आई किंवा शाळेत एखादी शिक्षिका करत बसते. मराठीत आज प्रत्येक नवे पुस्तक संगणकावरच जुळवले जाते. पाठ्यपुस्तकाची युनिकोड प्रत छापील प्रतीच्या दिवशीच उपलब्ध करून देणे, ही मागणी पालकसभेतून प्रकाशकांपर्यंत गेली पाहिजे, आणि ती मुलाच्या डिस्लेक्सियाच्या प्रमाणपत्रासाठी अडून राहता कामा नये.