एका पेटीत दोन समुद्र

एखाद्या मोठ्या हॉटेलच्या दारातून आत शिरलं की समोर समुद्राच्या पाण्याची काचपेटी दिसते. निळसर उजेड, हलणारी प्रवाळं आणि त्यांच्यामधून फिरणारे रंगीत मासे. मुलं तर काचेला नाक लावून उभी राहतातच, पण मोठ्यांचाही पाय निघत नाही. समुद्राचा एक तुकडा कुणीतरी उचलून इथे आणून ठेवला आहे, असं वाटतं. पण कुठल्या समुद्राचा तुकडा? हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो न विचारल्यामुळे त्या पेटीतल्या एखाद्या माशाचा जीव जात असतो. काचपेटीचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचं महत्त्व लक्षात येतं.

ही गोष्ट सुरू होते १८४६ साली, इंग्लंडमध्ये. ॲना थिन नावाच्या एका बाई दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की या गावी गेल्या होत्या. तिथल्या खडकांवर त्यांना जिवंत प्रवाळं दिसली आणि ती लंडनला न्यावीत असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी सुईदोऱ्यानं ती प्रवाळं स्पंजाला टाचली, समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बरणीत ठेवली आणि घरी आणली. लंडनला समुद्र नाही. पाणी शिळं होऊ लागलं, तेव्हा बाईंनी मोलकरणीला कामाला लावलं. उघड्या खिडकीशी उभं राहून तिनं रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळेल. आपण गरम दूध फुलपात्रानं वरखाली करतो, तसंच काहीसं. पुढे बाईंनी त्यात समुद्री वनस्पतीही सोडल्या. अशा रीतीनं जवळजवळ तीन वर्षं ती प्रवाळं लंडनच्या घरात जगली.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. ही प्रवाळं थंड पाण्यातली होती. टॉर्कीचा समुद्र हिवाळ्यात दहा अंशांच्या आसपास असतो आणि उन्हाळ्यात सोळा-सतरा अंशांच्या. लंडनच्या घरातली हवा त्यांना मानवली, कारण ती त्यांच्या घरापासून फार वेगळी नव्हती. थिनबाईंच्या यशात मोलकरणीच्या कष्टांइतकाच या हवेचाही वाटा होता.

काचेवरचा कर इंग्लंडमध्ये १८४५ साली उठला होता आणि रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं काचपेटीवरचं पुस्तक आलं आणि घरोघरी हे वेड पसरलं. लोक टोपल्या आणि छिन्नी-हातोडे घेऊन किनाऱ्यावर लोटले. खडकांमधली डबकी अशी लुटली गेली, की पुढे १९०७ साली गॉसच्या मुलानं, एडमंडनं, आपल्या आठवणींत त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. आपल्या वडिलांच्याच पुस्तकांनी ही गर्दी तिथे नेली, हे त्याला ठाऊक होतं.

त्या हौशी मंडळींचा मोठा शत्रू होता उष्णता. खिडकीतल्या उन्हात पेटी तापली की आतले प्राणी मरत. विल्यम आल्फर्ड लॉइडनं यावर उपाय काढला. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जे मत्स्यालय सुरू झालं, तिथे त्यानं खाली अंधारात पाण्याचे मोठे हौद ठेवले आणि ते पाणी पंपानं वरच्या पेट्यांमधून सतत फिरवलं. आपल्या जुन्या वाड्यांमधल्या हौदाचं पाणी ऐन वैशाखातही गार लागतं, त्यातलाच हा प्रकार.

दरम्यान अमेरिकेत जेम्स ड्वाइट डेना या शास्त्रज्ञानं वेगळ्याच बाजूनं या प्रश्नाला हात घातला होता. १८३८ ते १८४२ या काळात अमेरिकी सरकारच्या शोधमोहिमेबरोबर तो पॅसिफिकभर फिरला होता. प्रवाळांची बेटं काही समुद्रांतच का असतात, याचं उत्तर त्यानं तापमानात शोधलं. लंडनचं मत्स्यगृह उघडलं त्याच १८५३ साली त्यानं महासागरांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. सर्वांत थंडीच्या महिन्यातही जिथलं पाणी ६८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २० अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही, तिथपर्यंतच प्रवाळांच्या रांगा उभ्या राहतात, असं त्या नकाशावरच्या रेषांनी दाखवलं. समुद्रात कुंपण दिसत नाही, पण ते असतं आणि ते तापमानाचं असतं.

उष्ण समुद्रातली प्रवाळं काचपेटीत टिकायला मात्र आणखी शंभर वर्षं जावी लागली. १९५६ साली न्यू कॅलेडोनिया बेटावर, नुमेआ इथे, रने कातालानं मत्स्यालय उघडलं. तिथे ताजं समुद्राचं पाणी आणि सूर्यप्रकाश यांवर जिवंत प्रवाळं राहिली. १९६१ साली जकार्त्याच्या ली चिन एंगनं आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत दगड, हवेचे थोडे बुडबुडे आणि उजेड, एवढ्यावर त्याच्या पेट्या चालत. ही दोन्ही माणसं उष्ण समुद्राच्या काठावर राहत होती, त्यामुळे पाणी गरम ठेवण्याची चिंता त्यांना नव्हती. पुढे विजेचे हीटर आणि प्रखर दिवे आले, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या बैठकीच्या खोलीतही पंचवीस-सव्वीस अंशांचा समुद्र तयार करता येऊ लागला. उजेड हवाच होता, कारण या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाच्या अन्नाचा मोठा वाटा तेच उन्हावर शिजवतं.

विमानानं जगभरचे मासे दुकानात येऊ लागले आणि इथेच घोटाळा झाला. दुकानातल्या एका भिंतीवर सगळ्या समुद्रांचे मासे शेजारी शेजारी मांडले गेले. त्यातला एक होता कॅटालिना गोबी. आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी याच गोतावळ्यातली. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटालिना बेटाचं नाव या माशाला मिळालं आहे. १८९० साली चार्ल्स हेन्री गिल्बर्टनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. बोटापेक्षाही लहान मासा. अंग शेंदरी-लाल आणि त्यावर झळझळीत निळे पट्टे. असे रंग पाहिले की कुणालाही तो उष्ण समुद्रातलाच वाटणार. प्रत्यक्षात कॅटालिनाच्या आसपासचं पाणी हिवाळ्यात चौदा अंशांपर्यंत उतरतं आणि भर उन्हाळ्यातही वीस-एकविसाच्या आसपास राहतं. खडकांच्या फटींत आणि समुद्री साळूच्या काट्यांच्या आडोशाला हा मासा राहतो.

तो प्रवाळांच्या पेटीत सोडला तर लगेच काही होत नाही. तो खातो, फिरतो, रंगही टिकवतो. पण माशाचं शरीर पाण्याच्या तापमानानं चालतं. पाणी गरम झालं की त्याची सगळी शरीरक्रिया वेग घेते, त्याला अन्न जास्त लागतं आणि प्राणवायूही जास्त लागतो. नेमका तोच कमी मिळतो. पंधरा अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, सव्वीस अंशांना मात्र साडेसहाच्या आसपास. मुळात हा मासा अल्पायुषी, त्यात ते आयुष्यही असं लवकर जळून जातं. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो दिसेनासा होतो. मालकाला वाटतं, नाजूक जात होती, आणि तो दुसरा आणतो.

मग बावीस-तेवीस अंशांचा सुवर्णमध्य का काढू नये? हा विचार अनेकांनी केला. पण अशा पेटीत प्रवाळांची वाढ मंदावते आणि मासा तरीही बारा महिने आपल्या उन्हाळ्याहून गरम पाण्यात राहतो. दोघांनाही थोडं थोडं दुखवून कुणाचंच भलं होत नाही. लहान पेटीत तर हे आणखी अवघड, कारण थोडं पाणी चटकन तापतं आणि चटकन निवतं.

खरा उपाय जुनाच आहे. या माशासाठी वेगळी, थंड पाण्याची पेटी करायची आणि पाणी गार ठेवणारं यंत्र लावायचं. त्यात फुलासारखं काही हवंच असेल, तर कॅलिफोर्नियाच्याच खडकांवर कॉरिनॅक्टिस नावाचा गुलाबी-लाल जीव असतो. तो प्रवाळांचा जवळचा नातलग आणि या माशाचा जन्माचा शेजारी. आपल्याकडे हा प्रश्न एका अर्थी कायद्यानंच सोडवला आहे. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे ती समुद्रातून काढून घरी ठेवता येत नाहीत. मासे घेताना मात्र निर्णय आपल्याच हातात असतो.

थिनबाईंना डेनाचा नकाशा माहीत नव्हता. पण त्यांनी प्रवाळं आणली ती जवळच्या, आपल्याच हवेतल्या समुद्रातून, आणि ती तीन वर्षं जगली. आज दुकानात उभं राहिल्यावर आपण रंग पाहतो, किंमत विचारतो. त्याबरोबर आणखी एक विचारावं: हा कुठल्या पाण्यातला? दुकानदाराला सांगता आलं नाही, तर तो मासा तिथेच राहू द्यावा.